पुढे ५.३८, मागे ४.८८ : जीप विकणाऱ्या एका गॅरेजमालकास खुले पत्र

प्रति,
एका जीपचा पुढचा अ‍ॅक्सल आणि दुसऱ्याच जीपचा मागचा अ‍ॅक्सल जोडून ती गाडी ‘फोर बाय फोर, एकदम ओके’ म्हणून विकणारे गॅरेजमालक यांस,

तुमचे नाव या पत्रात मी लिहिलेले नाही. ते लिहिले असते तर हाच धंदा करणारे बाकीचे सगळे हुश्श करून मोकळे झाले असते. प्रत्येकाला वाटू दे की हे पत्र आपल्यालाच आहे.

तुम्ही माझ्या धाकट्या भावाला विकलेल्या जीपचे दोन्ही डिफरेन्शियल आम्ही उघडून घेतले. मागच्या क्राऊनला ३९ दात निघाले, पिनियनला ८. पुढच्या क्राऊनला ४३ दात निघाले, पिनियनला ८. भागाकार शाळकरी पोरालाही येईल. मागचा रेशो ४.८८, पुढचा ५.३८. मागच्या चाकांचा एक फेरा व्हायचा तर मागचा प्रोपेलर शाफ्ट पाचाला थोडे कमी फेरे घेतो. पुढच्या चाकांच्या एका फेऱ्याला पुढचा शाफ्ट साडेपाचाला थोडे कमी फेरे मागतो. आणि फोर बाय फोरचा लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस हे दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकते. या जीपमध्ये मधले डिफरेन्शियल नसते. दोन्ही शाफ्टनी सारख्याच वेगाने फिरायचे, दुसरा मार्गच नाही.

शाफ्ट सारखे फिरले तर चाके सारखी फिरत नाहीत. पुढची चाके १०० मीटर चालतील तेवढ्या वेळात मागची ११० मीटर चालू पाहतात. दोन्ही अ‍ॅक्सल एकाच चासीला बांधलेले, त्यामुळे जास्तीचे १० मीटर कुठे तरी जिरवावे लागतात. चिखलात ते टायर घसरून जिरतात. डांबरावर टायर सहजी घसरत नाही, तेव्हा ते शाफ्टला पीळ देतात, क्रॉस तोडतात, ट्रान्सफर केसच्या गिअरचे दात खातात. प्रत्येक १०० मीटरला १० मीटर. एवढी फसवणूक तुम्ही एका लोखंडी खोक्यात बंद करून, वर ताजा हिरवा रंग मारून विकलीत.

भावाने ती जीप मिरवायला घेतली नव्हती. दापोली तालुक्यात आमची आंब्या-काजूची बाग आहे आणि बागेपर्यंतचा रस्ता म्हणजे जांभ्या दगडाचा चढ-उतार. पावसाळ्यात तिथे शेवाळ आणि तांबडी माती मिळून असा बुळबुळीतपणा येतो की साधी गाडी जागेवरच चाक फिरवत बसते. खते, डिझेल, माणसे, सगळे तिथूनच न्यायचे. म्हणून फोर बाय फोर. त्याच एका गोष्टीचे तुम्ही फोर बाय टू जीपपेक्षा जास्त पैसे घेतलेत.

पहिल्या पावसात भावाने लिव्हर टाकला आणि चढावर जीप जड झाली. त्याला वाटले, नवी सवय आहे, होईल ठीक. प्रत्यक्षात काय चालले होते ते तुम्हाला कळते, निदान कळायला हवे. मागची चाके घसरून दहा टक्क्यांहून जास्त फुकट फिरेपर्यंत पुढची चाके ओढायला येतच नव्हती. तोवर ती मागच्यांना अडवत होती. म्हणजे ज्या पुढच्या अ‍ॅक्सलचे तुम्ही पैसे घेतलेत, तो चढावर ब्रेक लावत होता.

उतारावर याहून वाईट. लो गिअरमध्ये इंजिनाचा आवर घेत उतरताना चारही चाकांनी मिळून गाडी धरायची असते. या जीपमध्ये सगळा आवर पुढच्या चाकांवर आला, कारण त्यांना जमिनीपेक्षा हळू फिरायची सक्ती होती आणि मागची चाके त्यांना ढकलत होती. जे चाक घसरते त्याची बाजूची पकडही जाते. पुढच्या चाकांची पकड गेली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. बागेच्या वळणावर भावाने स्टिअरिंग पूर्ण फिरवले आणि जीप सरळ गेली. गडग्याला धडकून थांबली. मागे दोन गडी बसले होते. कोणाला लागले नाही. गडगा नसता तर खाली पऱ्या होता. हे तुम्ही पुन्हा एकदा वाचा आणि मग तुमच्या गॅरेजात ठेवलेल्या पुढच्या अ‍ॅक्सलकडे बघा.

नंतर जीप डांबरी रस्त्यावर आणली तर लिव्हर निघेना. तो निघणारही नव्हता. दोन्ही शाफ्टमध्ये भरलेल्या पिळाने गिअर एकमेकांवर इतके दाबले गेले होते की हाताच्या जोराने ते सुटणे शक्यच नव्हते. रिव्हर्स घेऊन पीळ उतरवला तेव्हा लिव्हर निघाला.

भावाने तुम्हाला फोन केला. तुमची तीन उत्तरे मी त्याच्याकडून शब्दशः घेतली आहेत. तिन्हींना इथे जाहीर उत्तर देतो.

तुमचे पहिले उत्तर: “फोर बाय फोर रोज कुठे लावता हो? कधीमधीच तर लागतो.” बरोबर आहे. कधीमधीच लागतो, आणि तो लागतो तेव्हा गाडी निसरड्या उतारावर असते, दरीच्या कडेला असते, आजारी माणसाला घेऊन ओढा ओलांडत असते. कोरड्या सपाट रस्त्यावर चालणाऱ्या आणि फक्त संकटाच्या क्षणी दगा देणाऱ्या वस्तूला कधीमधी बिघडणारी वस्तू म्हणत नाहीत, ती धोकादायक वस्तू असते. रोज खराब असती तर भावाने पहिल्याच दिवशी परत केली असती. तुमचा माल खपतो तोच या लपलेपणावर.

तुमचे दुसरे उत्तर: “थोडाफार फरक चालतो. ट्रॅक्टरला तर मुद्दाम ठेवतात.” अर्धवट ज्ञान गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकून त्याला गप्प करण्याचा हा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकला. फोर व्हील ट्रॅक्टरमध्ये फरक ठेवतात हे खरे. तिथे पुढच्या चाकांचा वेग मागच्यांपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, साधारण १ ते ५ टक्के, म्हणजे मातीत पुढची चाके पुढे ओढत राहतात. तो फरक कंपनीने टायरच्या मापासकट हिशोब करून ठेवलेला असतो. मऊ मातीत तो जिरतो, आणि डांबरावर येताच पुढचा अ‍ॅक्सल सोडायचा असतो हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला माहीत असते. तुमच्या जीपमध्ये फरक १० टक्क्यांचा, तोही उलटा. पुढची चाके हळू, मागची जोरात. ट्रॅक्टरचे नाव घेऊन तुम्ही ट्रॅक्टर बनवणाऱ्यांचाही अपमान केलात.

थोडाफार म्हणजे किती, तेही सांगतो. अमेरिकेत फोर्डच्या काही फोर बाय फोर ट्रकमध्ये पुढे ३.५४ आणि मागे ३.५५ असे रेशो होते. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची घडण वेगळी असल्यामुळे दातांची संख्या तंतोतंत जुळली नाही, तेव्हा त्यांनी फरक ०.३ टक्क्यांच्या आत ठेवला. टायरची झीजही यापेक्षा जास्त फरक करते. याला थोडाफार म्हणतात. तुमचा फरक त्याच्या तीसपटीहून जास्त आहे.

तुमचे तिसरे उत्तर: “गिऱ्हाईकच स्वस्त मागतं, आम्ही काय करणार?” गिऱ्हाइकाने स्वस्त मागितले, चुकीचे मागितले नव्हते. त्याला सांगायचे होते, “दोन्ही रेशो जुळणारी जीप या पैशात बसत नाही. हवी तर फोर बाय टू घ्या, किंवा थांबा, मी जुळणारी जोडी शोधतो.” या दोन वाक्यांनी तुमचा एक सौदा कदाचित गेला असता. भावाने पुढचा शाफ्ट काढून ती जीप फोर बाय टू म्हणून चालवली असती तरी ती सुरक्षित होती. त्याला निवड करता आली असती. ती तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलीत.

या जीपचा जन्म कसा झाला ते तरी तुम्हाला ठाऊक आहे का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला जीप हव्या होत्या आणि एका कारखान्याला त्या पुरवणे झेपत नव्हते. मग विलीजने एमबी बनवली आणि फोर्डने तिचीच जोड जीपीडब्ल्यू. दोन वेगळ्या कंपन्या, वेगळे कारखाने, वेगळे कामगार, डोक्यावर युद्धाची घाई. सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यातल्या विलीजचा पुढचा अ‍ॅक्सल काढून फोर्डला लावा, रेशो जुळतो: ४.८८ आणि ४.८८. एकीचा सुटा भाग दुसरीला बसावा हा लष्कराचा आग्रहच होता, कारण आघाडीवर बिघडलेल्या दोन गाड्यांतून एक धड गाडी उभी करायची असे. तुम्हीही दोन गाड्यांतून एक उभी केलीत. त्यांनी मोजून केली, तुम्ही नुसती नटबोल्टाची भोके जुळतात का तेवढे पाहिले.

युद्धानंतर ही गाडी नागरी रूपात आली. सीजे-३बी मॉडेलला ५.३८ चा रेशो मिळाला, म्हणजे शेतात, चढावर, ओझे घेऊन ओढायला जास्त ताकद. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे हीच सीजे-३बी भारतात वर्षानुवर्षे बनत राहिली. डिझेल इंजिने आली. ती कमी फेऱ्यांत जास्त जोर देतात, म्हणून त्यांच्याबरोबर लहान आकड्यांचे रेशोही आले. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या, सरकारी खात्यांतून निघालेल्या गाड्या, भंगारातून सुटे झालेले अ‍ॅक्सल, हे सगळे आज एकाच बाजारात एकाच ढिगात पडलेले असते. बाहेरून हाउसिंग सारखेच दिसते, स्प्रिंगला सारखेच बसते. रेशो आत असतो. म्हणूनच या बाजारात चूक होणे सोपे आहे, आणि म्हणूनच या बाजारात धंदा करणाऱ्याने मोजणे हे त्याचे पहिले काम आहे. माल मिसळलेला आहे ही तुमची सबब होऊ शकत नाही. तोच तुमच्यावरच्या जबाबदारीचा आधार आहे.

आरटीओ पकडेल म्हणावे तर तेही नाही. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, गाडीचा रंगही असतो. अ‍ॅक्सलच्या रेशोचा रकाना नसतो. टेस्ट ड्राइव्हला तुम्ही गाडी फोर बाय टूमध्ये डांबरी रस्त्यावर फिरवून दाखवता, तिथे काहीच कळत नाही. म्हणजे विकत घेणारा आणि अपघात यांच्यामध्ये उभा असलेला एकच माणूस म्हणजे मिस्त्री. तो माणूस तुम्ही होतात, आणि तुम्ही बाजूला सरकलात.

हा प्रकार फक्त जुन्या जीपपुरता आहे असेही कोणी समजू नये. चारही चाके कायम चालणाऱ्या मोटारींत हीच चूक आणखी महाग पडते. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात जुन्या सुबारू भरपूर मिळतात आणि तिकडे गेलेली आपली माणसेही त्या घेतात. सुबारूत पुढचे डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते, मागचे वेगळे असते. गिअरबॉक्स बदलला की पुढचा रेशो त्याच्याबरोबर बदलतो, मागचा जुनाच राहतो. ४.४४ चा गिअरबॉक्स ४.११ च्या गाडीला बोल्टांनी व्यवस्थित बसतो. त्यानंतर ताशी १०० किलोमीटर वेगाला पुढच्या आणि मागच्या बाजूच्या मागण्यांत मिनिटाला सुमारे २८० फेऱ्यांची तफावत पडते, आणि ती मधल्या डिफरेन्शियलने अखंड सोसायची असते. ते डिफरेन्शियल वळणावरचा किंचित फरक सोसायला बनवलेले आहे. पाच गिअरच्या मॅन्युअल सुबारूत त्याच्याबरोबर सिलिकॉनच्या घट्ट तेलात बुडालेल्या चकत्यांची बंद डबी असते. फरक पडला की ती विरोध करते आणि त्या विरोधाची उष्णता होते. समजा तिने ७० न्यूटन-मीटरचा विरोध केला, तर २८० फेऱ्यांना सुमारे २ किलोवॅट उष्णता निघते. न्हाणीघरातला गिझर तळहाताएवढ्या बंद डबीत लावून तो बंदच करायचा नाही, असा तो प्रकार आहे. तेल तापते, फुगते, डबी आवळली जाते, आणि मग जीपमध्ये जे चालले होते तेच इथे सुरू होते.

सुबारू कंपनीच मालकांना सांगते की चारही टायरच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे ६ मिलिमीटरहून, जास्त फरक नको. दोन मीटर घेरात ६ मिलिमीटर! आणि ४.४४ विरुद्ध ४.११ म्हणजे घेरात १६० मिलिमीटरचा फरक पडल्यासारखे आहे. नुसते आकडे सारखे असणे म्हणजे जुळणे, असेही नाही. सहा गिअरच्या काही सुबारूंत पुढे ३.९ आणि मागे ३.५४५ असते आणि ते बरोबर असते, कारण मागे जाणाऱ्या वाटेत १.१ चा आणखी एक गिअर आहे. ३.५४५ ला १.१ ने गुणा, ३.९ येतात. म्हणजे प्रत्येक गाडीत पुढचा आणि मागचा पूर्ण हिशोब मांडायचा असतो. तुमचे तिकडचे व्यवसायबंधूही तो मांडत नाहीत, एवढेच तुमचे-त्यांचे साम्य.

मोजायला काय लागते? एक जॅक, एक स्टँड, खडू, दोन माणसे आणि थोडा वेळ. ज्यांना जुनी जीप घ्यायची आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण तुमच्यासारखे लोक हे करणार नाहीत असे धरूनच आता गिऱ्हाइकाने चालायला हवे. गाडी सपाट जागी उभी करा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसही न्यूट्रल. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या प्रोपेलर शाफ्टवरच असतो, म्हणून तो सोडलेला हवा, आणि त्यामुळेच दगड हयगय न करता लावा. मागचे एकच चाक जॅकने उचला, खाली स्टँड द्या, दुसरे चाक जमिनीवरच राहू दे. चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करा. आता एकाने उचललेले चाक बरोबर २० फेरे फिरवायचे आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. एकच चाक फिरत असल्यामुळे शाफ्ट निम्मेच फिरतो, म्हणून २० फेऱ्यांचे उत्तर म्हणजे रेशोची दहापट. पावणेएकोणपन्नास आले तर ४.८८. पावणेचोपन्न आले तर ५.३८. मग हेच पुढे करा, हब लॉक करून. दोन्ही उत्तरे सारखी आली पाहिजेत. पाच फेऱ्यांचा फरक डोळे मिटून मोजणाऱ्याच्याही हातून सुटणार नाही.

एवढे सोपे आहे, म्हणून तुमच्यापुढे दोनच शक्यता राहतात. तुम्ही मोजले होते आणि लपवले, किंवा मोजलेच नाही. पहिल्यात तुम्ही लबाड आहात. दुसऱ्यात तुम्ही माणसांच्या जिवावर आळस केलात. आयुष्यभर स्पॅनर धरलेला हात आहे तुमचा, दात घासलेला पिनियन नुसत्या आवाजावरून ओळखता असे तुमचीच मंडळी सांगतात. ज्याला कळत नाही त्याने चूक केली तर त्याला शिकवता येते. तुम्हाला येते आणि तरी केले नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही तुमच्या आवाक्यातल्या आहेत. भावाच्या जीपला जुळणारा क्राऊन-पिनियन तुमच्या खर्चाने बसवून द्या. याआधी विकलेल्या प्रत्येक फोर बाय फोर जीपच्या मालकाला फोन करून दोन्ही रेशो मोजून घ्यायला बोलवा, आणि तो येईपर्यंत फोर बाय फोरचा लिव्हर टाकू नका असे त्याला स्पष्ट सांगा. यापुढे प्रत्येक बिलावर पुढचा रेशो आणि मागचा रेशो असे दोन आकडे लिहून त्याखाली सही करा.

जुनी जीप घ्यायला निघालेल्या वाचकांनो, ते दोन आकडे बिलावर लिहून द्यायला जो नकार देईल त्याच्याकडून गाडी घेऊ नका. टोकन देण्याआधी चाक उचला आणि मोजा. मोजू देत नसेल तर तेच त्याचे उत्तर समजा.